खडूच्या फुल्या

भोईरमामांना पाट्यांचा राग होता. एखाद्या सरकारी इमारतीत शिरल्याबरोबर बाण काढलेली पाटी दिसली की घासात खडा आल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. 'चौकशी इकडे', 'जिना उजवीकडे', 'येथून आत येऊ नये'. "पाटी लावाची वेल आली म्हंजे इमारत नापास," ते म्हणायचे. "दारात उभं राहिलं की माणसाला कललं पायजे, कुठं जायाचं ते. नाय कललं तर चूक त्याची नाय, आपली."

आमचं ऑफिस माजिवड्याला होतं. वाचनालयं, समाजमंदिरं, आरोग्य केंद्रं अशी लोकांच्या वापराची कामं आम्ही करायचो. मी आर्किटेक्ट होऊन नुकतीच लागले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. मामांकडे पदवी वगैरे काही नव्हती. ते नकाशे काढायला म्हणून लागले, मग साइटवर देखरेख करू लागले, आणि मी आले तोवर अशी वेळ आली होती की मामांनी मान हलवल्याशिवाय आमचे साहेबसुद्धा नकाशावर सही करत नसत. मामा मानपाड्याचे, जुन्या आगरी घरातले. ठेंगणी, वाळकी मूर्ती, पांढरा हाफ शर्ट आणि खिशात कायम एक काडेपेटी. विडी ओढत नसत. काडेपेटीत खडूचे तुकडे असत.

माझा पहिला नकाशा एका छोट्या वाचनालयाचा होता. मामांनी तो पाहिला आणि मला म्हणाले, "डोले मिट."

मी मिटले. नवीन होते, म्हणून मिटले.

"आता दारातून आत ये. काय दिसतं?"

"रिसेप्शन."

"ते कागदावर. तुना काय दिसतं?"

 खरं सांगायचं तर मला भिंत दिसत होती. मला इतका राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. डोंबिवलीला घरी गेल्यावरही डोळे मिटून पाहिलं, तरी भिंतच. दुसऱ्या दिवशी ती भिंत मी काढून टाकली. मामांनी नकाशा पाहिला आणि त्या दिवशी माझ्या टेबलावर चहा त्यांनी स्वतः आणून ठेवला.

खडूचं काम निघायचं ते इमारत उभी राहत आल्यावर. भिंती झालेल्या, रंग व्हायचा बाकी, अशा वेळी मामा आसपासची आठ-दहा माणसं गोळा करायचे. भाजीवाली, रिक्षावाला, कुणाची तरी आजी. अट एकच, त्यांनी ती इमारत आधी आतून पाहिलेली नसावी. प्रत्येकाच्या हातात एक नारळ द्यायचा आणि सांगायचं, हा अमक्या खोलीत ठेवून या. नारळच का, असं मी विचारलं होतं. मामा म्हणाले, रिकाम्या हाताचं माणूस उगाच इकडे तिकडे बघत फिरतं, हातात नारळ असला की कामाला निघाल्यासारखं चालतं. माणूस निघाला की मामा त्याच्या दहा पावलं मागे. तो जिथं थबकेल, मान वळवेल, क्षणभर पाय उचलायचा राहील, तिथं मामा वाकून जमिनीवर खडूनं फुली काढायचे. मग सगळे गेल्यावर एकटेच त्या फुल्यांमधून फिरत राहायचे.

एका आरोग्य केंद्रात चार बायका एकीमागून एक नारळ घेऊन थेट विजेच्या मीटरच्या खोलीत गेल्या. चौथीनं तर तिथं नारळ ठेवून नमस्कारही केला. साहेब हसून हसून बेजार झाले. मामा हसले नाहीत. "मीटरला आपन मोठं दार दिलंय, आन डाक्टरला बारीक," ते म्हणाले. "त्या कशाला चुकतील? त्यांनी दार बरोबर वाचलं." आठवड्याभरात दारांची अदलाबदल झाली आणि मग तिथं एकही फुली पडली नाही.

हे सगळं कशासाठी, असं एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी वडलांचं सांगितलं. वडलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जमिनीच्या कागदासाठी ते ठाण्याला गेले, दिवसभर भलत्याच रांगेत उभे राहिले आणि संध्याकाळी तसेच परत आले. कुणाला विचारायची त्यांना लाज वाटली होती. "इचारायला लागलं ना बाय, की माणूस बारीक होतं," मामा म्हणाले. बारीक म्हणजे लहान. एवढं बोलून ते कामाला लागले.

अशा या माणसाची बायको स्वतःच्याच इमारतीत हरवायची, हे मला फार उशिरा कळलं.

मामांच्या शेताच्या जागी टॉवर उभा राहिला होता आणि त्यांना त्यात नवव्या मजल्यावर घर मिळालं होतं. एका शनिवारी दुपारी साइटचे कागद द्यायला मी त्यांच्याकडे गेले. बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. मामा अनवाणी बाहेर येत होते. चेहरा उतरलेला.

"ही घरात नाय," ते म्हणाले.

आम्ही लिफ्टनं एकेक मजला उतरत गेलो. दर मजल्यावर लिफ्टचं दार उघडायचं आणि समोर तेच दिसायचं. करड्या भिंती, चार दारं, कोपऱ्यात तीच तुळशीची प्लॅस्टिकची कुंडी. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला वाटायला लागलं की लिफ्ट हलतच नाहीये, आम्ही एकाच मजल्यावर पुन्हा पुन्हा येतोय. आकडा पाहिला तरच खात्री पटायची. मामा आकड्याकडे बघतच नव्हते, ते फक्त कान देऊन ऐकत होते.

पाचव्या मजल्यावर एक दार उघडं होतं. आत मामांच्या घरासारखंच घर, तीच खिडकी, तसाच सोफा, आणि सोफ्यावर हिरामामी चहा पीत बसलेल्या. समोर एक तरुण बाई भिंतीला टेकून उभी होती.

"आजी आल्या आणि डायरेक्ट किचनमध्ये जाऊन भांडी लावायला लागल्या हो," ती म्हणाली. "इतक्या बिनधास्त, की मलाच वाटलं मी चुकून यांच्या घरात राहतेय."

मामींनी मामांकडे पाहिलं. "आलाव? बघा ना, आपल्या घरातली माणसं कोनीतरी बदलली. तुमी तरी तेच हाव ना?"

"तोच हाय," मामा म्हणाले.

वर जाताना लिफ्टच्या आरशात मामींना स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. त्यांनी त्याला हात केला आणि मायेनं म्हणाल्या, "तू पन चल गं आमच्याबरोबर. एकटी नको राहू इथं." नववा मजला आला तेव्हा त्या बाहेर पडल्या आणि दार बंद होईपर्यंत मागे वळून आरशाकडे बघत होत्या. मी मात्र त्या आरशाकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही.

मामी झोपल्यावर मामा स्वयंपाकघरात माझ्याशी हळू आवाजात बोलले. घराच्या दाराला त्यांनी पिवळा रंग देऊन पाहिला होता, सोसायटीनं काढायला लावला. "रोज इचारते, घर कुठं, मोरी कुठं. मना सांगायला काय जड नाय. पन इचारताना तिचं तोंड बघितलंस? चोरी केल्यासारखं." मग त्यांनी गळणारी नळाची तोटी आवळली. "एक जागा तरी पायजे ना बाय, जिथं तिला कोनाला इचारायला लागनार नाय."

ती जागा त्यांना मिळाली असं वाटलं, जेव्हा मानपाड्याच्या बाजूला एका समाजमंदिराचं काम आमच्याकडे आलं. वर सभागृह, खाली कार्यालय, आणि तळमजल्याच्या टोकाला ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. मामांच्या घरापासून चालत दहा मिनिटं. मामांनी ते काम मागून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी मागून घेतलेलं ते एकच काम, असं साहेब म्हणाले. नकाशा माझ्या नावावर होता, पण तो मामांचा होता. फाटकातून समोर दार, दारातून सरळ बोळ, बोळाच्या शेवटी मोठी खिडकी आणि खिडकीबाहेर आंब्याचं झाड. उजेडाच्या दिशेनं चालत गेलं की केंद्र. चुकायला जागाच ठेवली नव्हती.

नारळाचा दिवस ठरला तो उन्हाळ्यातला. पहिली आली एक मासे विकणारी कोळीण. झपाझप निघाली आणि बोळाच्या मध्यावर थबकली. मामांनी फुली काढली. दुसरा रिक्षावाला, उत्तर प्रदेशातला. तोही तिथंच थबकला. तिसरी एक नर्स, चौथे एक निवृत्त शिक्षक. आठ माणसं झाली तेव्हा आठ फुल्या इतक्या जवळजवळ होत्या की एका वर्तमानपत्राखाली झाकल्या गेल्या असत्या. आणि तिथं काहीच नव्हतं. दार नाही, वळण नाही, सावली नाही. डाव्या हाताला सतरंज्या-खुर्च्यांच्या खोलीची कोरी भिंत, उजव्या हाताला कोरी भिंत.

का थांबलात, असं मी प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "थांबलो? नाही बुवा."

मामांनी जमीन उतरती आहे का पाहिलं, वास येतो का पाहिलं, भिंतीला कान लावला. चुना मारून घेतला, दिवा लावून पाहिला. पुढच्या आठवड्यात नवी माणसं आणली. फुल्या पुन्हा तिथंच. मग माझ्या लक्षात आलं की एकही फुली बोळाच्या मधोमध नाही, सगळ्या उजव्या भिंतीला लागून आहेत. मी तसं म्हटलं. मामांनी आणखी एका म्हाताऱ्या बाईला पाठवलं, आणि या वेळी पायांकडे न बघता तिच्या खांद्यांकडे बघितलं. ती त्या जागी आली, अंग चोरून उजवीकडे सरकली, क्षणभर थांबली आणि पुढं गेली.

"चुकत नायत," मामा हळूच म्हणाले. "वाट देतात."

मग त्यांनी मला बांधावरची रीत सांगितली. भाताच्या खाचरांमधला बांध एका माणसापुरताच असतो. कापणीच्या दिवसांत समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली, तर तिला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मोकळ्या माणसानं बाजूला व्हायचं, पाय चिखलात गेला तरी. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

"पण मामा, त्या रिक्षावाल्यानं कुठे आपला बांध पाहिलाय?" मी म्हटलं.

"म्हनून तर," मामा म्हणाले.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, शेजारच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. इतक्या उजेडात, इतक्या साध्या जागी माझ्या अंगावर काटा आला. आजही हे लिहिताना येतोय. मी म्हटलं, जुना नकाशा काढून बघू या, इथं पूर्वी काय होतं ते. मामांनी मान हलवली. "बघून काय करशील? त्यानं भिंत थोडीच सरकनार हाय?"

चार दिवसांनी ते मामींना घेऊन आले. मामी नवं लुगडं नेसल्या होत्या. हातात नारळ घेऊन त्या खुशीत निघाल्या, समोरच्या उजेडाकडे बघत. मला वाटलं, जमलं. आणि त्या जागेवर त्या उजवीकडे सरकल्या, भिंतीला पाठ लावली आणि उभ्या राहिल्या.

इतर लोक क्षणभर थांबत. मामी थांबल्या त्या थांबल्याच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांची नजर माणसाच्या डोक्याच्या जरा वर, उजवीकडून डावीकडे सावकाश फिरत होती, पुन्हा उजवीकडे येत होती. एकदा त्या हसल्या आणि कुणाला तरी म्हणाल्या, "जरा दमानं गं." मामा मागे उभे होते. हाक मारत नव्हते. शेवटी मला राहवेना.

"मामी, चला ना. पुढे केंद्र आहे."

"कशी जाऊ?" मामी म्हणाल्या. "भारेवाल्या संपल्या कुठं? येतातच हायत अजून."

नारळ पोटाशी धरून त्या भिंतीशीच खाली बसल्या तेव्हा मामा पुढं झाले आणि त्यांना घेऊन परत फिरले. त्या दिवशी त्यांनी फुली काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. डावी भिंत अडीच फूट आत सरकवायची, सतरंज्यांची खोली लहान झाली तर होऊ दे. साहेब भडकले. "मामा, मंजूर झालेला नकाशा आहे! बदलाचं कारण काय लिहू? भाताच्या भाऱ्यांना रस्ता?"

"काय पन लिवा."

"आणि नाही सरकवली तर?"

"तर तिला तिथं कधीच पोचता येनार नाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. तो तसा मी पहिल्यांदाच ऐकला. "साहेब, तुमी एकदा नारल घेऊन चाला. काय वाटलं नाय तर परत नाव काढनार नाय."

साहेब आले. हातात नारळ घेतला तोच मुळी लहान मुलाची समजूत घालायला घ्यावा तसा. चालता चालता ते मान मागे वळवून आम्हाला सुनावत होते, की हे सगळं मनाचे खेळ आहेत, एकानं पाहिलं म्हणून दुसऱ्याला दिसतं, उद्या ऑफिसात मांत्रिक बसवावा लागेल, आणि बोलता बोलताच ते उजवीकडे सरकले, पोट आत घेतलं, "सॉरी, सॉरी" म्हणाले, आणि पुढं बोलत दोन पावलं गेले.

मग थांबले. वळले. बोळात आमच्या तिघांशिवाय कुणी नव्हतं.

"आत्ता कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

 मामांनी वाकून फुली काढली आणि काडेपेटी खिशात टाकली. साहेबांनी नारळ माझ्या हातात दिला. त्यांच्या तळव्याचा घाम त्याला लागला होता. बाहेर गाडीशी जाऊन ते मला बोलावून म्हणाले, "कारणात लिही, व्हीलचेअरसाठी रुंदीकरण."

भिंत अडीच फूट सरकली. मामांनी पुन्हा दहा माणसं आणली, पुन्हा नारळ दिले. कुणीही थबकलं नाही, कुणीही सरकलं नाही. बोळ आता दोघांना शेजारून जाता येईल इतका रुंद होता. मामींना आणलं तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. मामी उजव्या बाजूनं सरळ चालत गेल्या. त्या जागेवर त्यांनी चालता चालताच डावीकडे बघून ओळखीची मान हलवली, आणि खिडकीशी जाऊन नारळ ठेवला. कुणाला काही विचारलं नाही. मामा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढं मी ती नोकरी सोडली. मामाही निवृत्त झाले. फोन व्हायचे, मग कमी झाले. मामी आता कुणालाच ओळखत नाहीत असं कळलं होतं, पण रोज विरंगुळा केंद्रात जातात, हेही कळलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी मुद्दाम तिथं गेले. इमारतीचा आता रंग उडालेला, भिंतीवर लग्नासाठी सभागृह ठरवायचे फोन नंबर लिहिलेले. मामा दारात भेटले. खूप वाळले होते. मामींना आत सोडून ते माझ्याशी बोलत दारातच उभे होते. तेवढ्यात मामी आतून बाहेर आल्या. केस पांढरेशुभ्र, चालणं मात्र ठाम. त्यांनी मामांना न्याहाळलं.

"कोनाला शोधताव?"

मामांनी खिशातली काडेपेटी चाचपली.

"नवीन हाव काय?" मामींनी विचारलं. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खात्रीचा होता. "इचारायला लाजू नका. चला, मी दावते."

त्यांनी मामांचं मनगट धरलं. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट त्यांच्याबरोबर निघाले. मी मागून बघत राहिले. बोळातून जाताना मामी त्यांना सांगत होत्या, इथं पाणी आहे, इथं मोरी आहे, इथं चपला काढायच्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर त्यांनी मामांना बसवलं.

"तुमच्या घरचं कोन यायचं हाय?"

"बायको," मामा म्हणाले.

"येल ती. घाबरू नका. इथं कोनी चुकत नाय." मामी शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "मी बसते तवर तुमच्याजवल."

मग दोघंही दाराकडे तोंड करून तिची वाट बघत बसले.